दहा रुपयांची तूट आणि लाख कोटी

मंडळी, आजचा विषय 'संरक्षणावरचा सरकारी खर्च सामान्य माणसाला कसा कळावा' असा आहे. मला 45 मिनिटं दिली होती, त्यातली दहा माझी ओळख करून देण्यात गेली. त्यात मला 'अर्थतज्ज्ञ' म्हटलं. मी बँकेत कॅशियर होतो हो. 31 वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले, तेवढाच माझा अधिकार.

1987 सालचा मार्च. संध्याकाळी कॅश जुळवायला बसलो तर दहा रुपये कमी. पुन्हा मोजली, दहाच कमी. म्हटलं, "साहेब, खिशातून टाकतो, घरी जाऊ." साहेब म्हणाले, "आज दहा टाकाल, उद्या दहा काढाल." झालं! सगळी शाखा स्लिपांचे गठ्ठे सोडून बसली. शिपाई बॅटरी घेऊन टेबलांखाली शिरला. त्याला एक पेन आणि कुणाचं तरी हरवलेलं कानातलं सापडलं. साडेनऊला उलगडा झाला. एका आजोबांच्या थरथरत्या हातचा 1 मी 2 वाचला होता. शेवटची बस गेलेली. घरी बायकोनं विचारलं, "किती गेले होते?" म्हटलं, दहा. "आणि रिक्षाला?" बारा. (हशा) हसताय, पण ती अजून सांगते हे सगळ्यांना.

आता ऐका. 2025-26 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणाला 6,81,210 कोटी रुपये. आला कुणाच्या पोटात गोळा? मला दहा रुपयांना आला होता. 'लाख कोटी' हा शब्दच लबाड. लाखही ओळखीचा, कोटीही ओळखीचा. दोघं शेजारी बसले की वाटतं, आपल्यातलेच आहेत. आपल्या जुन्या गणतीत लाख कोटीला महापद्म म्हणत. बातम्यांत 'पावणेसात महापद्म' म्हटलं असतं, तर माणूस निदान दचकला तरी असता.

कॅशियरच्या पद्धतीनं बघू. सेकंदाला एक रुपया मोजायचा, जेवण नाही, झोप नाही. लाख रुपये सव्वा दिवसाच्या आतच संपतात. कोटीला पावणेचार महिन्यांहून थोडे जास्त. आणि ही रक्कम? 2 लाख 16 हजार वर्षं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिली म्हणे. वर्षाची ही रक्कम मिनिटांवर वाटली, तर पाच मिनिटांत संरक्षणावर साडेसहा कोटी जातात, तेव्हा भराभर सांगतो.

मुख्य मुद्दा असा, की प्रचंड आकडा डोकं बधिर करतो, आणि माणशी भागाकार तोच आकडा निरुपद्रवी करून टाकतो. 140 कोटींनी भागा: माणशी दिवसाला 13 रुपये. चहाचे पैसे! दोन्ही बरोबर, दोन्हींनी काही कळत नाही.

आधी फोड करा. यातले 1,60,795 कोटी पेन्शनचे आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकांच्या गावात जी पेन्शन घराघरांत येते, ती याच खात्यातली. तिला 'शस्त्रांवरची उधळपट्टी' म्हणणाऱ्यानं तिथं जाऊन म्हणून दाखवावं.

मग वस्तूला वस्तू लावा. हे शांततावाद्यांचं खूळ नव्हे. दुसरं महायुद्ध लढलेला सेनापती आयझेनहॉवर, अमेरिकेचा अध्यक्ष झाल्यावर 1953 च्या एप्रिलमध्ये हेच बोलला: एका बॉम्बर विमानाच्या किमतीत तीसहून अधिक शहरांत एकेक पक्की शाळा. आपल्या नौदलासाठी 26 राफेलचा करार 2025 मध्ये झाला, सुमारे 63,000 कोटींचा. क्षेपणास्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण धरून विमानामागे 2,400 कोटींच्या आसपास. विमानं नकोत असं मी म्हणत नाही. किंमत वाचता आली पाहिजे, एवढंच.

तर घरी गेल्यावर आपल्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय बांधायला किती लागले ते शोधा, आणि 2,400 कोटींना त्यानं भागा. उत्तर पोस्टकार्डावर... दुसरी चिठ्ठी आली. चहा गार होतोय म्हणतात.