बांधलेली नाही

[दृश्य : पहाट. शरणपूर रोड. फाटकाचं कुलूप, घंटेचा दोर, रिकामे बाक.]

रविवारी सकाळी साडेसातला शरणपूर रोडवर दूधवाल्यांखेरीज फारसं कोणी नसतं. तासाभरात इथं गाडी लावायला जागा मिळायची नाही. नाशिककर हा भाग ओळखतात तो दुकानांमुळे, दवाखान्यांमुळे. पण शरणपूर हे नाव रुजलं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी इथं ख्रिस्ती वसाहत वसवली तेव्हा. घर तुटलेली, जातीने टाकलेली माणसं इथं राहायला आली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही नाशिकलाच शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवासोबत थेट इंग्लंडला गेला. ती गोष्ट एका वेगळ्या फिल्मची आहे. आपण आलोय एका चिठ्ठीसाठी.

[दृश्य : पाळकांच्या हातातली चिठ्ठी, अगदी जवळून.]

वहीचं फाडलेलं अर्धं पान. त्यावर निळ्या शाईत दोन नावं, वडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण. लग्नाची ही सूचना भर उपासनेत वाचली जाते, लागोपाठ तीन रविवार. शेवटचं वाक्य ठरलेलं : या दोघांनी पवित्र विवाहाने एकत्र येऊ नये असं सबळ कारण कोणाला ठाऊक असेल, तर त्याने ते सांगावं. त्यानंतर पाळकसाहेब थांबतात. एरवी हे थांबणं दोन-तीन सेकंदांचं असतं, लगेच पेटी वाजू लागते. या रविवारी आम्ही चित्रीकरण पुन्हा लावून मोजलं. नऊ सेकंद. मागच्या बाकावर कोणाची तरी छत्री पडली, तेवढाच आवाज.

वधूच्या नावापुढे चिठ्ठीत एक शब्द आहे : घटस्फोटित.

[दृश्य : ताई शिवणयंत्रावर. खिडकीतून उन्हाची तिरीप.]

ताई एक्केचाळीस वर्षांच्या आहेत. त्यांचं पहिलं लग्नही याच वेदीसमोर लागलं. नवरा नोकरीसाठी सुरतेला गेला. काही दिवस पैसे आले, मग फोन लागेनासा झाला, आणि मग कळलं की तिकडे त्याने दुसरा संसार थाटलाय. मुलगा तेव्हा दुसरीत होता, आता बारावीला आहे. ताई नांदायला तयार होत्या, नांदवणारा नव्हता.

दुसऱ्या लग्नासाठी त्यांनी आधी एका वेगळ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, विचारून पाहिलं. तिथल्या पाळकांनी प्रार्थना केली, चहा पाजला आणि नकार दिला. पहिला नवरा जिवंत आहे, असं त्यांचं म्हणणं. शास्त्र दोन्ही पाळकांच्या हातात एकच आहे.

[दृश्य : दिंडोरी तालुक्यातली वाडी. ओसरीवर बसलेली आजी. हातात केरसुणीची काडी.]

या ताईंच्या आजी. आम्ही त्यांना काडीमोड म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी ओढली, एक काडी उपसली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. पंच बसायचे, दोन्हीकडची माणसं बसायची. काडी मोडली की बाई मोकळी. मग तिचा पाट लावता यायचा. पाट रात्री लागायचा, त्याला पहिल्या लग्नाचा मान नव्हता; पण बाईला घर मिळायचं.

[काडी मोडल्याचा आवाज. तीन सेकंद निवेदन नाही.]

नाशिक-नगर भागातली बहुतेक ख्रिस्ती कुटुंबं ज्या दलित समाजांतून आली, त्यांच्यात काडीमोड आणि पाट रूढ होते. ब्राह्मण घरातून आलेल्यांकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. तिथं बाईचं लग्न एकदाच, नवरा मेला तरी. बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत दोघं दोन वाटांनी आले, आणि पुढे दोघांना एकच नियम लागला : लग्न एकच, मरेपर्यंतचं. आजी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगायच्या, बाप्तिस्मा झाला तवाच काडी गेली."

[दृश्य : जेल रोडवरचं घर. गुरुवारची प्रार्थनासभा. मांडीवर उघडी पवित्र शास्त्रं, पेन्सिलीच्या खुणा.]

आज मत्तयाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय आहे. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, येशूला विचारतात : कोणत्याही कारणावरून बायको टाकणं योग्य आहे काय? या प्रश्नामागे एक जुना वाद होता. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेने सूटपत्राची, म्हणजे लेखी घटस्फोटाची, सोय ठेवली आहे, पण कारण मोघम लिहिलं आहे. शम्मायच्या पंथाचे शास्त्री म्हणत, बदफैलीपणाखेरीज बायको सोडता येणार नाही. हिल्लेलच्या पंथाचे म्हणत, तिने स्वयंपाक करपवला तरी पुरे. अकीबा नावाच्या रब्बीने तर पुढे म्हटलं, तिच्याहून देखणी सापडली तरी चालेल.

ज्या बाईची भाकरी करपली, तिच्या बाजूने हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. येशू उत्तर देतो ते मोशेला ओलांडून, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातून. दोघं एकदेह झाली. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. सूटपत्राची परवानगी मिळाली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे. आम्हाला हे वाचन महत्त्वाचं वाटतं : हा शब्द आधी त्या पुरुषांना होता, ज्यांच्या हातात सूटपत्र लिहिण्याची लेखणी होती.

[दृश्य : एका ओळीवर थांबलेलं बोट.]

मत्तयात एक अपवाद आहे : जारकर्माच्या कारणाखेरीज. मूळ ग्रीक शब्द पोर्निया. मार्काच्या दहाव्या अध्यायात आणि लूकच्या सोळाव्यात हा अपवाद नाही. या एका ओळीवर मंडळ्या वेगळ्या झाल्या आहेत. कोणी म्हणतं, जारकर्म झालं तर वेगळं व्हावं, पण पुन्हा लग्न करू नये. कोणी म्हणतं, जिथं वेगळं होण्याला मुभा आहे तिथं लग्नालाही आहे. कारण यहुदी सूटपत्राचा गाभाच तो होता. बाईच्या हातात पडणाऱ्या त्या कागदावर लिहिलेलं असे की आता तू कोणाही पुरुषाची होऊ शकतेस. आजींच्या काडीपासून हे फार लांब नाही.

[दृश्य : नाशिकरोड, बाळ येशूची यात्रा. मेणबत्त्या, रांगा, खांद्यावरची मुलं.]

फेब्रुवारीतली ही गर्दी. जोडपी जोडीने मेणबत्ती लावतात. कॅथलिक चर्चमध्ये घटस्फोट हा शब्दच नाही. विवाह हा संस्कार आहे, आणि तो खरोखर घडला असेल तर मृत्यूशिवाय सुटत नाही. फक्त एक प्रश्न विचारता येतो : तो घडला होता का? संमती मोकळ्या मनाने दिली होती का, काही लपवलं होतं का, लग्न पेलण्याची कुवत होती का? धर्मप्रांताचं न्यायमंडळ कागद बघतं, साक्षी घेतं, आणि विवाह मुळात झालाच नव्हता असा निर्णय देऊ शकतं. आधी दोन न्यायमंडळांचा एकच निर्णय लागायचा. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती दुसरी पायरी काढून टाकली. त्या खोलीत कॅमेरा जात नाही, म्हणून आम्ही बाहेर मेणबत्त्यांपाशीच थांबलो.

चर्चच्या या निर्णयाला सरकारी कायद्यात घटस्फोटाचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येही सांगितलं. कोर्ट वेगळं करावंच लागतं.

[दृश्य : जलालपूर. गोदावरीचं पात्र, काठावरची घरं.]

आता या फिल्मचा जो खरा मजकूर आहे, तिथं येऊ. नाशिकजवळचं हे जलालपूर. 1868 मध्ये इथं एका ब्राह्मण घरात एक मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव नारायण वामन टिळक, तिचं लक्ष्मीबाई. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई वेगळ्या झाल्या. एकाच लग्नाची दोन माणसं, दोन धर्मांत.

टिळकांपुढे एक रस्ता कायद्याने खुला होता. 1866 मध्ये सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने सलग सहा महिने टाकलं असेल तर धर्मांतरित माणसाने कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट दुसऱ्या बाजूला बोलावून विचारणार : नांदायचं आहे का? नाही म्हटलं तरी लगेच निकाल नाही. खटला एक वर्ष तहकूब. त्या वर्षात न्यायाधीश ठरवतील त्या जागी, ठरवतील तितका वेळ, दोघांची भेट घडवायची. सोबत न्यायाधीशाने निवडलेलं माणूस हवं, ते बाईमाणूसही चालेल. भेट कशासाठी? नकार तिचा स्वतःचा आहे की भाऊबंदांनी तिच्या तोंडी घातलाय, हे कळावं म्हणून. वर्षानंतरही नकार कायम राहिला, तरच लग्न मोडलं आणि दोघं पुन्हा लग्नाला मोकळी.

आम्ही हा कायदा दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा त्या भेटीच्या कलमापाशी थांबलो. ती खोली डोळ्यांसमोर येते. दोन खुर्च्या, मधे एक तिऱ्हाईत बाई.

[दृश्य : पाण्यावरून हळूहळू सरकणारा कॅमेरा.]

टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 1936 मध्ये त्यांनी नाशिकलाच देह ठेवला.

पण कायदा कुठून आला? प्रेषित पौलाच्या एका वचनातून. करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय, पंधरावं वचन : विश्वास न ठेवणारा वेगळा होत असेल तर होऊ द्या, अशा वेळी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही. देवाने आपल्याला शांतीत राहायला बोलावलं आहे. आपल्या पूर्वजांत कितीक असे असतील, ज्यांचा जोडीदार त्यांना सोडून गेला. टाकलेल्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांना पहिल्या पिढीतच भेटला होता, आणि तेव्हा त्याचं उत्तर पौलात सापडलं होतं.

[दृश्य : पाळकसाहेब, चर्चच्या पायरीवर.]

कोणी म्हणेल, पौल बोलतो ते विश्वास न ठेवणाऱ्याबद्दल. ताईंचा नवरा तर बाप्तिस्मा झालेला. हा आक्षेप नवा नाही. 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या एका जुन्या श्रद्धा-जाहीरनाम्याने, व्यभिचाराच्या जोडीला हेही कारण मान्य केलं : जाणूनबुजून टाकून जाणं, ज्यावर मंडळी किंवा न्यायालय यांचा इलाज चालत नाही. पाळकसाहेब आपल्या भाषेत सांगतात : "दहा वर्षं जो बायकोला भाकरी घालत नाही, मुलाचं तोंड बघत नाही, त्याला मी विश्वासणारा कशावरून म्हणू? त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून?"

[दृश्य : मंडळीतले एक वडील, घरी, आरामखुर्चीत. भिंतीवर पत्नीचा फोटो.]

मंडळीतल्या या वडिलांना हे पटत नाही. ते पौलाच्याच रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढतात : नवरा जिवंत असेपर्यंत स्त्री त्याला बांधलेली आहे. करिंथकरांस पत्राच्या त्याच सातव्या अध्यायातलं अकरावं वचन दाखवतात : वेगळी झाली तर लग्नावाचून राहावं, नाहीतर समेट करावा. त्यांना ताईंबद्दल राग नाही. एकदा कुंपण काढलं तर प्रत्येक भांडणाचा शेवट कोर्टात होईल, ही त्यांची भीती आहे. लग्नाला ते आले नाहीत. नातवाच्या हाती आहेराचं पाकीट पाठवलं.

[दृश्य : कोर्टाचा जिना, फायलींचे गठ्ठे, पंखा.]

कायद्याचं थोडक्यात. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं. वर जिल्हा न्यायालयाचा निकाल उच्च न्यायालयाने कायम करेपर्यंत वाट पाहायची. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. 2001 च्या दुरुस्तीने दोघांना सारखी कारणं मिळाली. क्रूरता एकटी पुरते, दोन वर्षांचा परित्याग एकटा पुरतो, परस्परसंमतीनेही वेगळं होता येतं. ताईंना निकाल मिळाला तो परित्यागावर. मुलगा आईकडे राहिला, पोटगी दोन महिने आली आणि थांबली.

[दृश्य : लग्नाचा दिवस. पायऱ्यांवर पांढरी फुलं. ताई आणि मुलगा दारातून आत येतात. निवेदन नाही, फक्त पेटी.]

[दृश्य : सामानखोली. टेबलावर विवाहाचं रजिस्टर.]

1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने या रजिस्टरचे रकाने ठरवून दिलेत. तारीख, नावं, वय, स्थिती, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव. त्यातला स्थिती हा रकाना बोटभर रुंद. पाळकसाहेबांनी आमच्यासाठी मागची पानं उलटली. वेगवेगळ्या हातांची अक्षरं, कुठं शाई फिकी, कुठं पसरलेली. पण त्या रकान्यात चारच शब्द फिरून फिरून येतात : अविवाहित, अविवाहिता, विधुर, विधवा.

आजच्या ओळीत ते पाचवा लिहितात. तो जागेत मावत नाही. शेवटचं अक्षर रेघेच्या पलीकडे, व्यवसायाच्या रकान्यात जातं, जिथं पुढे 'शिवणकाम' लिहायचं आहे.

साक्षीदार म्हणून मुलाला सही करायची होती. अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी आहेत, म्हणून पाळकांनी मामांना बोलावलं. मामांच्या खिशात पेन नव्हतं. मुलाने आपलं काढून दिलं.

[दृश्य : पेन एका हातातून दुसऱ्या हातात. सही. रजिस्टर उघडंच.]