आक्षेपाचं उत्तर खरेदीच्या दिवशी लिहा

मंडळी, पुस्तकावर आक्षेप आला की वाचनालयात पहिली शोधाशोध सुरू होते ती दाखल नोंदवहीत. दाखल क्रमांक सापडतो, किंमत सापडते, विक्रेत्याचं नाव सापडतं. हे पुस्तक का घेतलं, ते मात्र कुठेच सापडत नाही. म्हणून आज बराच वेळ खरेदीवर बोलणार आहे.

बडोद्याला या विषयात एक जुना आधार आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात गावाने जमवलेल्या रकमेइतकीच भर प्रांत पंचायतीने, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या स्थानिक मंडळाने, घालायची आणि तितकीच सरकारने. वाचक हा पहिल्यापासून इथे भागीदार आहे. आक्षेप घेणाऱ्या सभासदाकडे मी त्याच नजरेने पाहतो. त्याला विचारायचा हक्क आहे आणि आपल्यावर उत्तराची जबाबदारी. पण तेच पुस्तक वाचू इच्छिणारा दुसरा सभासदही तितकाच भागीदार आहे.

ग्रंथनिवडीचं धोरण दोन पानांत बसवा, कार्यकारी मंडळाच्या ठरावाने मंजूर करा आणि देवघेवीच्या टेबलाजवळ लावा. निवड कोण करतं, देणगी कशी स्वीकारतो, पुस्तक बाद कसं करतो, आक्षेप कोणाकडे द्यायचा, एवढं त्यात हवं. मग प्रत्येक पुस्तकामागे तीन ओळींची चिठ्ठी: मागणी कोणत्या वाचकवर्गाची, परीक्षण कुठे वाचलं, संग्रहातली कोणती उणीव भरून निघते. दोन मिनिटांचं काम आहे. ते टळतं ते वर्षअखेरीला. अनुदान संपवायची घाई असते, विक्रेता भरघोस सवलतीत गठ्ठे देतो, आणि एकदम दीडशे पुस्तकं कोणी न चाळता दाखल होतात. पुढे त्यांतल्या एखाद्यावर बोट ठेवलं की समितीला तोंड उघडता येत नाही. खरेदी वर्षात निदान चार हप्त्यांत करा.

देणगीच्या पुस्तकांनाही हीच चिठ्ठी लावा. ‘वेगळ्या कपाटात ठेवा’, ‘कधी काढू नका’ अशा अटी स्वीकारू नका. ठेवण्याचा किंवा न ठेवण्याचा अधिकार वाचनालयाचा, असं देणगीदाराकडून सही करून घ्या.

बाद करण्याचे निकष साधे आहेत. पानाचा कोपरा दोनदा दुमडल्यावर तुटला, तर बांधणीचा खर्च वाया जातो. कर, कायदा आणि औषधोपचार यांवरची जुनी आवृत्ती वाचकाचं नुकसान करते, ती काढाच. मात्र बडोद्यात छापलेलं मराठी पुस्तक किंवा संस्थानी काळातला अहवाल वर्षानुवर्षं कोणी नेला नसला, तरी काढू नका. दुसरी प्रत कुठे मिळेल याचा भरवसा नसतो. आणि ज्यावर आक्षेप चालू आहे ते पुस्तक जीर्ण म्हणून बाद करू नका. लोकांना ते कळतं.

आता आक्षेप. बहुतेक वेळा माणूस टेबलापाशी येऊन रागाने बोलतो. कर्मचाऱ्याने ऐकून घ्यावं, वाद घालू नये आणि ‘काढून टाकतो’ असं चुकूनही म्हणू नये. तिथे दिलेला शब्द पुढे समितीला बांधून टाकतो. छापील अर्ज पुढे करावा. त्यात नाव, सभासद क्रमांक, आक्षेपाची पानं, पुस्तक पूर्ण वाचलं आहे का आणि नेमकी मागणी काय, एवढंच विचारा. मागणी नेमकी कळणं फार महत्त्वाचं. अनेकदा पालकाला पुस्तक नष्ट व्हायला नको असतं, ते बालविभागातून प्रौढ विभागात जायला हवं असतं. आणि तशी अदलाबदल कधी कधी योग्यही असते.

अर्जाची पोच त्याच दिवशी द्या. तीन किंवा पाच जणांची समिती नेमा आणि प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावं, खुणा केलेले उतारेच नव्हे. यासाठी तीस दिवस पुरतात. तोवर पुस्तक मांडणीवरच राहिलं पाहिजे. आधी उचलून ठेवलं तर निर्णय झाल्यासारखाच आहे. उत्तर कारणांसह लेखी द्या, कार्यकारी मंडळाकडे एकदा दाद मागायची सोय ठेवा, आणि त्याच पुस्तकावर तीन वर्षं नवा अर्ज घेऊ नका. हे पुस्तक कोणी नेलं होतं, हे कोणालाही सांगू नका.

जमाव आला, तर निवेदन घ्या, पोच द्या, त्या दिवशी कोणताही निर्णय देऊ नका. बोलायचं फक्त अध्यक्षांनी. धमकी किंवा मोडतोड झाली, तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. ‘बंदी आहे’ असं कोणी म्हटलं, तर अधिसूचना मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली राज्य सरकार कारणं नमूद करून, अधिसूचना काढून पुस्तक सरकारजमा करू शकतं, आणि त्याविरुद्ध कलम ९९ खाली दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. अशी अधिसूचना खरोखर असेल, तर ती पाळायची आणि प्रत दप्तरी ठेवायची. तोंडी सूचना म्हणजे आदेश नव्हे.

सगळ्यात जास्त पुस्तकं मात्र अर्जाविना जातात. कोणी नेऊन परत करत नाही, कोणी चार पानं फाडतो, कधी आपलाच माणूस भीतीने पुस्तक मागच्या खोलीत ठेवतो आणि नोंदीत ‘बांधणीला’ लिहितो. म्हणून वार्षिक साठा पडताळणीत गहाळ आणि बांधणीला गेलेल्या पुस्तकांची यादी विषयवार लावा. एकाच विषयाची नावं पुन्हा पुन्हा आली, तर बांधणीवाल्याकडे चौकशी करा, मागची खोली उघडून बघा आणि गेलेल्या प्रती पुढच्याच हप्त्यात पुन्हा विकत घ्या.