खानावळीच्या सुट्टीची संध्याकाळ

रविवारी संध्याकाळी कोल्हापुरातील बहुतेक खानावळींना सुट्टी असते. सायबर चौक, राजारामपुरी, सागरमाळ अशा विद्यापीठालगतच्या भागांत खोली घेऊन राहणारी मुले त्या दिवशी वडापाववर किंवा मिसळीवर भागवतात, कोणी दुपारच्या डब्यातील दोन चपात्या राखून ठेवतो, तर कोणी तसाच झोपी जातो. शिवाजी विद्यापीठात शिकून आता याच शहरात स्थिरावलेल्या काही जणांनी ही संध्याकाळ स्वतः अनुभवली आहे आणि म्हणूनच चार-पाच विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावण्यासाठी त्यांनी नेमकी हीच वेळ निवडली आहे.

18 नोव्हेंबर 1962 रोजी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. चंदगडच्या डोंगराळ गावातून, जतच्या कोरडवाहू शिवारातून किंवा पाटणच्या खोऱ्यातून आलेला विद्यार्थी अनेकदा आपल्या घरातील पहिला पदवीधर असतो. अभ्यासक्रम त्याला वर्गात शिकवला जातो आणि पुस्तके ग्रंथालयात मिळतात. पण मुलाखतीत पगाराचा आकडा विचारला तर काय सांगायचे, संशोधनासाठी मार्गदर्शक कसा निवडायचा, स्पर्धा परीक्षेचा नाद कोणत्या टप्प्यावर सोडायचा, हे विचारावे असे माणूस त्याच्या नात्यागोत्यात नसते.

आपण आलो आहोत ते अशाच एका घरात. यजमान भौतिकशास्त्राचे माजी विद्यार्थी असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीचे काम पाहतात. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली आहे, ताटात ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा खर्डा, दही आणि मागाहून आमटी-भात आहे. कोल्हापुरात पाहुणा आला की तांबडा-पांढरा रस्सा व्हायलाच हवा, असा आग्रह असतो. परंतु येणाऱ्या मुलांपैकी कोण मांसाहार करतो, कोणाचा उपवास आहे, हे आधी विचारून साधा बेत ठरवण्याची पद्धत या घराने पाळली आहे. ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्यामुळे कोणाची अडचण झाली ही जाणीव झालेला मुलगा पुढे तोंड उघडत नाही.

पहिली भाकरी संपेपर्यंत कोणी नोकरीचा विषय काढत नाही. गाव कोणते, यंदा ऊस किती दिवस तोडीविना उभा राहिला, खोलीचे भाडे किती, असेच बोलणे चालते. मग एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील एक मुलगा घडी घातलेला अर्ज खिशातून काढतो. त्यावर पहिलेच वाक्य आहे, ‘मी प्रामाणिक आणि कष्टाळू आहे.’ यजमान ते वाचतात आणि प्रयोगशाळेत तू स्वतःच्या हाताने काय केलेस, एवढेच विचारतात. मुलगा सांगू लागतो, की काचपट्टीवर पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवायचा होता, पण सुरुवातीला तो थर सुकताच पापुद्र्यासारखा सुटून यायचा. द्रावण बदलून पाहिले, तापमान बदलून पाहिले, शेवटी काच नीट स्वच्छ होत नसल्याचे लक्षात आले. धुण्याची रीत बदलल्यावर थर धरू लागला.

“अरं, मग ह्यातलं काहीच कागदावर का न्हाई?” यजमान विचारतात आणि उष्ट्या हाताला लागू नये म्हणून डाव्या हाताने तो कागद बाजूला सरकवतात. ओतकामात छिद्र राहिले तर त्याचे कारण वाळूत आहे, की धातूच्या तापमानात, की साच्यातून वायू बाहेर पडायला वाट नाही म्हणून, हे एकेक शक्यता वगळत शोधणे हेच त्यांचे रोजचे काम आहे. त्या मुलाने काचपट्टीवर केले ते याच जातीचे काम होते, हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. जेवणानंतर दोघे मिळून अर्जाचा पहिला परिच्छेद नव्याने लिहितात.

कोल्हापूरला जेवण आणि शिक्षण यांची सांगड नवी नाही. खेड्यातील मुलगा शहरात टिकत नाही याचे मोठे कारण राहण्या-जेवण्याची गैरसोय हे आहे, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. राजाराम कॉलेजच्या वसतिगृहाचा लाभ सर्व जातींच्या मुलांना सारखा मिळत नाही असे दिसल्यावर त्यांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौक परिसरातून जाताना त्या परंपरेच्या खुणा आजही दिसतात. त्या काळी प्रत्येकाची चूल वेगळी होती, ही त्या समाजाची मर्यादा होती. मात्र मुलाला दोन वेळचे अन्न मिळाले तरच तो शिकेल, हे सूत्र त्या वेगवेगळ्या चुलींनीही पक्के केले.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी ते सूत्र पुढे नेले. रयत शिक्षण संस्थेची स्थापना त्यांनी 1919 मध्ये केली, आणि साताऱ्यात 1924 मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवले. मुलांच्या जेवणात खंड पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. आजच्या यजमानांवर तशी वेळ येत नाही. त्यांच्या सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसला आहे याची विचारपूस कोणी करत नाही, आणि हे सहज घडण्यामागे केवढी झीज आहे, ते या मुलांना कोणीतरी सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात, सभागृहात भाषणे होतात, सत्कारही होतात. त्यांचे मोल आहेच. मात्र शंभर जणांसमोर उभे राहून ‘सर, मला इंग्रजी बोलता येत नाही’ असे कोण म्हणणार? पाच जणांच्या पंगतीत ते म्हणता येते, आणि तेही बहुधा पहिल्या भेटीत नाही. म्हणून त्याच मुलांना पुन्हा बोलावणे, मागच्या वेळी काय ठरले होते ते लक्षात ठेवणे, यावर हा उपक्रम उभा आहे. पुण्यात नोकरी करणारे काही जण गणपती-दिवाळीला गावी येतात तेव्हा एक संध्याकाळ राखून ठेवतात आणि मधल्या काळात फोनवर बोलतात. नोकरी लावून देण्याचा शब्द कोणी द्यायचा नाही, असा संकेत सर्वांनी पाळला आहे, कारण तसा शब्द गेला की मुले मोकळेपणाने बोलायची थांबतात आणि आर्जवाने बोलू लागतात.

दुसऱ्या एका घरी यजमानीणबाई स्वतः रसायनशास्त्राच्या माजी विद्यार्थिनी असून महाविद्यालयात शिकवतात. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलींना वसतिगृहाच्या वेळेत परतायचे असते, त्यामुळे तिथली पंगत सातलाच बसते. खरे बोलणे मात्र ताटे घासताना, स्वयंपाकघराच्या ओट्याशी होते. गगनबावडा तालुक्यातील एक मुलगी तिथे सांगते, की परीक्षा झाल्यावर लगेच लग्न ठरवण्याचा घरच्यांचा विचार आहे, आणि तिला पीएच.डी. करायची आहे. बाई तिला घरच्यांशी भांडायला सांगत नाहीत. नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचे अर्ज कधी भरायचे, अधिछात्रवृत्ती मिळाल्यास दरमहा स्वतःचे पैसे हातात कसे येतात, संशोधन सुरू असताना संसार कसा चालतो, हे त्या आपल्याच उदाहरणाने सांगतात. “पुढच्या खेपेला आईला घेऊन ये जेवायला,” असे म्हणून त्या ओल्या हातांनीच भिंतीवरची दिनदर्शिका उलटतात. एसटी संध्याकाळी परत मिळणार नाही म्हणून आईने मुक्कामालाच यावे असे ठरते, आणि मुलगी तिथूनच घरी फोन लावते.