आधी बोटं, मग वस्तरा

(दृश्य: म्हापसा बाजार, शुक्रवार, सकाळचे सात. न्हाव्याच्या दुकानाचं अर्ध्यावर उचललेलं शटर, आत दोन खुर्च्या.)

शुक्रवारच्या बाजाराला पेडणे, डिचोलीकडची मंडळी सकाळच्या बसने उतरतात. त्यातले काही जण मिरच्या-भाजीकडे न वळता थेट इथं येतात. पिशवी खुंटीला, माणूस खुर्चीत. पण दुकानाचे मालक, आमचे काका, वस्तऱ्याला हातच लावत नाहीत. गिऱ्हाइकाच्या गालावर बोटं फिरवत उभे राहतात. वर, खाली, कानाकडून जिवणीकडे, पुन्हा उलट.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, कॅमेऱ्यासाठी चाललंय. तसं नव्हतं. काका कल बघत होते.

दाढीचा केस कातडीतून सरळ उभा येत नाही. तिरका बाहेर पडतो आणि एका बाजूला कललेला राहतो, वाऱ्यानं झुकलेल्या भातासारखा. कलाच्या दिशेनं बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, विरुद्ध फिरवलं तर खरखरीत. परीक्षा एवढीच. मात्र दाढी दोन दिवसांची हवी. केस दिवसाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. सकाळी केलेली दाढी संध्याकाळी चाचपून काही कळायचं नाही.

(दृश्य: जबड्याखाली फिरणारी बोटं, अगदी जवळून.)

गालावरचा कल बहुतेकांचा खालीच असतो. गोंधळ सुरू होतो तो जबड्याखाली. मानेवर कुणाचे केस खालून वर उगवतात, कुणाचे आडवे, कुणाला डोक्यावर असतो तसा चक्क भोवरा. उजवीकडे जसं, तसंच डावीकडे असेल असंही नाही.

"गाल कुणीही करील," काका म्हणतात. "म्हालो ओळखायचा तो मानेवर." म्हालो म्हणजे न्हावी.

ही मान मी स्वतः भोगली आहे. मागच्या उन्हाळ्यात हौसेनं घरी उघडा वस्तरा हातात घेतला. गालावर वरून खाली छान चालला, म्हणून तोच हात तसाच मानेवर नेला. माझ्या मानेवरचे केस खालून वर उगवतात, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. म्हणजे पहिल्याच फेरीत मी उलटा हात मारला होता. दुसऱ्या दिवशी कॉलर लागली की आग, आणि तिसऱ्या दिवशी चार केसतुडं.

का होतं असं? पातं कलाच्या दिशेनं आलं की केस आडवाच कापला जातो, थोडा खुंट वर उरतो. हा सुलटा हात. विरुद्ध दिशेनं आलं की पातं केसाला आधी उभा करतं, किंचित ओढतं, मग कापतं, आणि कापलेलं टोक कातडीच्या आत सरकतं. गाल बाळासारखा लागतो तो यामुळे. पण तेच टोक वाढताना वाट चुकून शेजारच्या कातडीत शिरतं. केस कुरळा असेल तर हमखास. तिथं फोड येतो, माणूस तो खाजवतो, आणि वर पुन्हा वस्तरा फिरवतो. गोव्याचा घाम त्यावर मीठ चोळायला आहेच.

(दृश्य: दुसऱ्या खुर्चीत एक तरुण. काका त्याच्या चेहऱ्यावर ओला, गरम टॉवेल दाबून धरतात.)

हा पेडण्याकडचा दशावतारी नट. दशावतारात बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि याच्याकडे स्त्रीपार्ट. जत्रांचे दिवस. आज या देवळात, उद्या त्या.

"काका, आज रातीं नाटक आसा. खाड गुळगुळीत जाय."

खाड म्हणजे दाढी. मागणी साधी वाटते, पण खरी अडचण इथंच आहे. रंग बसायला गाल काचेसारखा हवा, त्यासाठी उलटा हात हवा, आणि रोज उलटा हात मारला तर आठवड्यात चेहरा फुटतो. ज्याला सर्वांत गुळगुळीत दाढी हवी, त्यालाच ती परवडत नाही.

काका घाई करत नाहीत. टॉवेल चांगली दोन-तीन मिनिटं. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. मग ब्रशनं गोल गोल फेस. मग नवं पातं मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात. गिऱ्हाईक बदललं की पातंही बदलतं. हेपॅटायटिस बी काय, एचआयव्ही काय, रक्ताच्या एका थेंबातून जाऊ शकतात. वडिलांचा जुना जर्मन वस्तरा ते फक्त स्वतःच्या गालाला लावतात. पात्यांसाठी नावाजलेल्या झोलिंगेन गावचा आहे. पट्ट्यावर परजताना पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पाठीवरच पलटवायचा, नाहीतर पट्टा फाटतो आणि धारही जाते. पावसाळ्यात तो पुसून, खोबरेल लावून ठेवावा लागतो. आषाढातल्या एका रात्रीत त्याच्यावर तांबूस ठिपके येतात.

(दृश्य: पातं आणि गाल. आवाज फक्त खरखरीचा.)

पहिली फेरी सुलटी. डाव्या हाताची बोटं कल्ल्याजवळची कातडी वर ताणून धरतात, पातं खाली येतं. पात्याचा गालाशी कोन साधारण तीस अंश. अगदी आडवं धरलं तर केस ओढला जातो, फार उभं केलं तर कातडी सोलते. काका अंश मोजत नाहीत. खरखरीच्या आवाजावरून त्यांना कळतं.

पुन्हा फेस. दुसरी फेरी आडवी, कानाकडून नाकाकडे.

तिसरी उलटी, पण फक्त गालांवर. इथं पातं आणखी आडवं होतं, मनगट ढिलं पडतं आणि फटकारे दोन बोटांपेक्षा लांब नाहीत. ओठाखालच्या खळगीत उलटा हात नाहीच.

मानेवर काका कलाप्रमाणे एकदाच जातात. याची मान खालून वर, म्हणून पातंही खालून वर. डाव्या बाजूला, कानाच्या पाळीखाली, केस अचानक आडवे वळतात. तिथं काका खुर्चीला वळसा घालून मागे जाऊन उभे राहतात. हात वाकडा करण्यापेक्षा पाय हलवलेले बरे, असं त्यांचं म्हणणं.

नट मान चाचपतो. खुंट लागतात. "हंय उरलां," तो कुरकुरतो.

"राहू दे," काका म्हणतात, आणि तुरटीचा खडा पाण्यात बुडवतात.

(दृश्य: रात्र. देवळामागची खोली, पिवळा बल्ब, पत्र्याची पेटी, खिळ्याला टांगलेला हातभर आरसा.)

तो मांडी घालून बसलाय. गालावर रंग एका हातात सपाट बसतो, कुठं दाणा नाही की रेघ नाही. कपाळावर कुंकू. भुवया. ओठ. मग पेटीतून दागिने निघतात. आधी ठुशी, तिच्याखाली मोहनमाळ, आणि खांद्यावरून पुढे घेतलेला पदर.

मान कुठंच दिसत नाही.

बाहेर पखवाजावर थाप पडते.