फाटलेलं पान कुठून भरलं?

(बडोद्यात दांडिया बाजारात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती काढली. 1960 ते 1975 या काळात सातही कांडं छापून झाली. ठिकठिकाणच्या पोथ्या जमवायच्या आणि ओळ न् ओळ ताडून पाहायची, असं ते काम. पोथ्या ताडणाऱ्यांना नेहमी छळणारी एक अडचण मी आज उसनी घेणार आहे. लेखनिकासमोरच्या पोथीचं पान कसरीनं खाल्लेलं असलं, की तो दुसरी पोथी मागून आणायचा आणि तेवढ्या ओळी तिच्यातून उतरवायचा. नवी प्रत पुरी व्हायची, पण त्या चार ओळींपुरता तिचा वंश बदललेला असायचा. मग ही पोथी कुठल्या घराण्यातली, याचं उत्तर पानागणिक वेगळं येतं.

आपल्या पेशीत हेच चालतं. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा गुणसूत्रांच्या 23 जोड्या. बीजांड किंवा शुक्रपेशी घडताना पेशी स्वतःच्या डीएनएचे धागे मुद्दाम तोडते, तेही शंभरावर ठिकाणी. स्पो-11 नावाचं प्रथिन हे करतं. तुटलेला धागा जोडीदाराचा मजकूर वाचतो आणि आपली तूट भरून काढतो. काही वेळा यातून मोठी अदलाबदल होते, इकडचा लांबच लांब तुकडा तिकडे जातो. हे क्रॉसिंग ओव्हर. 1931 मध्ये हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांवर ते डोळ्यांना दिसेल असं दाखवून दिलं. आपण शाळेत एवढंच शिकलो. पण बहुतेक तुटी अशा मिटत नाहीत. थोडासा मजकूर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला उतरतो आणि बदल्यात काहीच जात नाही. देणारा जसाच्या तसा राहतो, घेणाऱ्याचे जुने शब्द मात्र पुसले जातात. हे जनुक-रूपांतरण. 1955 मध्ये मेरी मिचेल यांनी न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीत ते दाखवलं.

जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या सगळ्या मजकुरात, जे टिकलं ते उपयोगाचं म्हणूनच टिकलं, असं आपण सर्रास बोलतो. मला हे वाक्य खटकतं, आणि का खटकतं तेच सांगायला मी आलो आहे. डीएनएचा मजकूर ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. समजा एका जागी आईच्या प्रतीत ए किंवा टी हे अक्षर आहे आणि वडिलांच्या प्रतीत जी किंवा सी. दुरुस्ती निःपक्षपाती असती तर दोघांना सारखीच संधी मिळाली असती. माणसांच्या कुटुंबांत प्रत्यक्ष मोजून पाहिलं तेव्हा, 2015 च्या एका अभ्यासात, जी-सी बाजू सुमारे 68 टक्के वेळा पुढच्या पिढीत गेलेली आढळली. त्या अक्षरानं शरीराचं भलं होतं की नाही, याचा इथे संबंधच नाही. दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेचा कल तिकडे आहे, एवढंच. लाखो पिढ्या हे चालल्यावर जिथे पुनर्संयोजन, म्हणजे हे तुटणं आणि जोडीदारावरून भरून घेणं, जास्त, तिथे जी-सी साचत जातात. किंचित अपायकारक अक्षरसुद्धा या लाटेवर वर येऊ शकतं.

याहून विलक्षण गोष्ट तुटण्याच्या जागांची. माणसात आणि उंदरात पीआरडीएम-9 हे प्रथिन ठरावीक अक्षरं ओळखून तिथे बसतं आणि तूट तिथे पडते. ही ओळख 2010 मध्ये पटली. आता बघा, तूट ज्या धाग्यावर पडते तोच दुसऱ्याचा मजकूर घेतो. जोडीदाराकडे त्या खुणेचं एखादं अक्षर बदललेलं असेल, तर पीआरडीएम-9 जोडीदारावर नीट बसत नाही. म्हणजे खूण असलेला धागा तुटतो आणि खूण नसलेली प्रत उतरवून घेतो. खूण आपल्याच कामामुळे पुसली जाते! मग सगळ्या खुणा संपून का जात नाहीत? कारण पीआरडीएम-9 स्वतःच झपाट्यानं बदलतं आणि नव्या अक्षरांवर बसू लागतं. माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए जवळजवळ 99 टक्के जुळतो, तरी या जागा जवळपास कुठेच जुळत नाहीत. पक्ष्यांकडे हे प्रथिन नाही. त्यांच्यात तुटी बहुतांशी जनुकांच्या सुरुवातीपाशी पडतात, आणि त्या जागा लाखो वर्षं जागच्या जागी राहतात.

वाय गुणसूत्राला बहुतेक लांबीत जोडीदारच नाही. त्याच्यावर आठ मोठे पॅलिंड्रोम, म्हणजे एक बाजू दुसरीचं आरशातलं प्रतिबिंब असावी असे तुकडे, आहेत, आणि त्यांच्या दोन बाजू 99.97 टक्क्यांपर्यंत सारख्या आहेत. ते गुणसूत्र स्वतःचीच एक बाजू पाहून दुसरी दुरुस्त करतो.

पण शेजारची पोथीच चुकीची असेल तर? सहाव्या गुणसूत्रावर सीवायपी-21-ए-2 हे जनुक आहे. कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार व्हायला ते लागतं. त्याच्याजवळच त्याची एक निकामी झालेली नक्कल पडून आहे, अक्षरशः जुळ्यासारखी. तिच्यातले बिघाड जनुक-रूपांतरणानं चांगल्या जनुकात उतरतात. आईकडची आणि वडिलांकडची अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बाळ जन्मजात अधिवृक्क विकार, म्हणजे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचा विकार, घेऊन येतं. तीव्र प्रकारात पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातलं मीठ इतकं घटतं की जीव धोक्यात येतो. टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून हे वेळेत कळतं आणि औषधानं मूल नीट वाढतं, म्हणून जन्मल्याबरोबर ही चाचणी करून घ्या, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. पुढे जनुकाची तपासणी करताना प्रयोगशाळेला आधी दोन्ही मजकूर वेगळे काढावे लागतात. नाहीतर वाचली जाते ती नक्कल, आणि अहवाल लिहिला जातो जनुकाच्या नावावर.