सासवड ते हडपसर, चार टप्पे

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त एसटी वाहकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मला इथं भाषणाला उभं केलंय खरं, पण माझी सवय उभं राहून बोलायची नाही, उभं राहून तिकिटं द्यायची आहे. एकतीस वर्षं एसटीत वाहक होतो. मधेच कुणी उठलं तर तोंडातून आपसूक ‘कुठं उतरायचंय’ निघेल, राग मानू नका.

विषय आमच्या घरच्या चालीचा आहे. दर फेब्रुवारीत आम्ही पहाटे सासवड स्टँडवरून पायी निघतो, दिवे घाट उतरतो आणि हडपसरला जाऊन थांबतो. जन्मापासून हृदयात दोष असलेल्या लेकरांसाठी त्यातून पैसे जमवतो. पहिल्या वर्षी, म्हणजे २०१९ ला, आम्ही नऊ जण होतो आणि नऊच्या नऊ घरचे. मागच्या खेपेला साठेक माणसं झाली. त्यातली निम्मी तरी मी ओळखत नव्हतो, हे मला फार आवडलं.

हिशोब माझ्या खात्याचा आहे. एसटीत भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. सासवड ते हडपसर साधारण चोवीस, म्हणजे चार टप्पे. देणारा टप्प्यावर बोली लावतो. कुणी टप्प्याला दहा रुपये, कुणी शंभर. मी चारही टप्पे चाललो तर चौपट, वडकीत दमून रिक्षात बसलो तर तेवढे टप्पे वजा. आमच्या पेठेतला एक सोनार इतका चोख, की एके वर्षी स्कूटरवरून फुरसुंगीत येऊन मला बघून गेला. आबा खरंच चालतायत ना! पाचशे रुपये टप्पा लावला होता त्यानं. बघणारच.

माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला येते आणि आम्ही तोच उतरून जातो, म्हणून गल्लीतले आम्हाला परतवारी म्हणतात. लोक विचारतात, चालायचं कशाला, डबा फिरवला असता तरी पैसे जमले असते. जमले असते. पण ही वाट आमची चांगलीच ओळखीची आहे. आमच्या नातीला घेऊन सूनबाई आणि मुलगा याच वाटेनं चार महिने पुण्याला ये-जा करत होते.

नात २०१६ च्या सप्टेंबरातली. जन्मली तेव्हा अडीच किलो, रडणं खणखणीत. महिना-दीड महिना गेला आणि दूध प्यायला तिला तासतास लागायला लागला. दोन घोट घ्यायची, थांबायची, पुन्हा दोन घोट. आणि पिताना कपाळावर घाम. डिसेंबरातली सासवडची थंडी तुम्हाला माहीत आहे. आम्ही घोंगड्या पांघरून बसलेलो आणि त्या जिवाच्या कपाळावर दाणेदार घाम. आम्ही काय म्हटलं? उष्णता. शेजारीण म्हणाली, दृष्ट. आमच्या हिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. गालावर काळी तीट होतीच, तळपायालाही लागली.

साडेतीन महिन्यांच्या डोसला नेलं तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरांनी वजन केलं. काटा बघितला, आणि सुई भरायच्या आधी तिची बंडी वर करून बघत बसल्या. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्या आमच्यावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘आबा, हिला घाम कधीपासून येतो?’ घाम हा कुणी विचारायचा प्रश्न असतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्यात टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण मला ते माझ्या भाषेत असं कळलं: पुण्याला निघालेली निम्मी गाडी घाटातूनच माघारी सासवडला वळत होती. शरीराकडे जायचं रक्त भोकातून पुन्हा फुप्फुसात. डिझेल जळतंय, इंजिन तापतंय आणि पोहोचत कुणीच नाही. दूध पिणं हाच त्या बाळाला घाट चढण्याइतका कष्टाचा व्यायाम. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, म्हणाले. हे बुजण्यातलं नव्हतं.

मग घरात सुरू झालं, हे झालं कशानं. एका नातेवाईक बाईंनी सूनबाईच्या तोंडावर सांगितलं, ग्रहणात विळी हातात घेतली असशील. सूनबाई दोन दिवस जेवली नाही. पुढच्या भेटीला मी स्वतः डॉक्टरांना विचारलं, तिच्यासमोर. ते म्हणाले, बाळाचं हृदय गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडून होतं. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. काही ठिकाणी असतं: गरोदरपणात झालेला रुबेला, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधं, गुणसूत्रातला दोष, जवळच्या नात्यातलं लग्न. ग्रहण त्या यादीत नाही. त्या बाईंना आमच्या हिनं नंतर जे ऐकवलं ते व्याख्यानमालेत सांगण्यासारखं नाही.

आणि हे काही लाखात एखाद्या घरी घडतं असंही नाही. हजार बाळांमागे आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. आपल्या देशात वर्षाला अशी दोन लाखांहून जास्त बाळं जन्मतात, आणि त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याचा दोष इतका मोठा असतो की पहिल्या वर्षातच काही करावं लागतं.

नातीचं ऑपरेशन २०१७ च्या एप्रिलमध्ये झालं. आत पाच तास गेले. बाहेर मुलगा मोबाइलवर काहीतरी वाचत होता. मी म्हटलं, आता तरी ठेव तो. तर त्यानं मला वाचून दाखवलं. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय नावाच्या सर्जननी हेच भोक पहिल्यांदा शिवलं. हृदय उघडून काम करताना रक्त फिरवायचं यंत्र तेव्हा भरवशाचं नव्हतं. मग त्यांनी काय केलं, शेजारच्या टेबलावर बापाला झोपवलं. पोराचं रक्त नळीतून बापाच्या अंगात आणि बापाच्या फुप्फुसातून शुद्ध होऊन परत पोराच्या अंगात. बापच यंत्र. भोक नीट शिवलं गेलं, पण ते बाळ अकरा दिवसांनी न्यूमोनियानं गेलं. हे पहिलं धरून त्यांनी याच पद्धतीनं एकूण पंचेचाळीस जणांची ऑपरेशनं केली, त्यातले अठ्ठावीस घरी गेले. वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, ‘आबा, मला निदान झोपायला तरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं बसवत नाही.’ चालीची कल्पना दीड वर्षानं आली, पण माझ्या मते ती त्या बाकड्यावरच सुरू झाली.

नात आता शाळेत जाते. पळते, भांडते, दात घासायला कंटाळते. दातांचं मुद्दाम सांगतो, कारण हृदयाच्या मुलांचे दात किडू देऊ नका असं आम्हाला डॉक्टरांनी बजावलंय. तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात.

आता पैशांचं. तुम्ही म्हणाल, ऑपरेशनला सरकारी योजना आहेत. आहेत, आणि त्या कामाच्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्याच पालघरमधून ६ फेब्रुवारी २०१३ ला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पोरं तपासतात. आमचंही ऑपरेशन केशरी रेशनकार्डावर झालं, त्याचा एक रुपया आम्ही दिलेला नाही. पण मी वाहक आहे, मला तिकिटाचं कळतं. पाच वर्षांखालच्या पोराला एसटीत तिकीट नाही. त्याच्या आईला २०२३ पासून अर्धं तिकीट. बापाला पूर्ण. एकोची तारीख, ती हुकली की पुन्हा येणं, दाताच्या डॉक्टरांचा दाखला, भुलेच्या डॉक्टरांची तपासणी, पोराला सर्दी झाली की ऑपरेशन पुढं आणि पुन्हा फेरी. त्यातला बाप रोजंदारीवर असला तर प्रत्येक फेरीला हजेरी बुडते. मग म्हणतात, रक्त लागेल, माणसं आणा. गावाकडून चार माणसं आणायची म्हणजे चार जणांचं भाडं, चार जणांचं जेवण आणि चार बुडालेल्या हजेऱ्या. शिवाय लेकरू अतिदक्षता विभागात असताना आईबाप रात्री झोपणार कुठं? जिन्याखाली. आम्ही झोपलोय.

कागदावर फुकट असलेल्या ऑपरेशनला न येणारी माणसं आहेत ती याच्यापायी. म्हणून आमचे पैसे ऑपरेशनला जात नाहीत. रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक आम्हाला कळवतात की अमुक कुटुंबाला अडचण आहे; मग भाडं, धर्मशाळा, डबा आणि पुढच्या तपासणीच्या फेऱ्या एवढं आम्ही बघतो. आणि चालणाऱ्यांमधून रक्त देणाऱ्यांची यादी केली आहे. चालीच्या दिवशी रक्त घेत नाही, दमलेल्या माणसाचं कसलं घेताय. पण वर्षभर फोन आला की हडपसर, कात्रजची पोरं जातात. गावाकडून चार माणसं यायची वाचतात.

आमच्या चुकाही सांगतो. पहिल्या वर्षी एकेचाळीस हजार जमले आणि त्यातले साडेतेरा हजार आम्ही टी-शर्टवर घालवले. लाल, छातीवर हृदयाचं चित्र. आमची मुलगी हिशोब बघून म्हणाली, ‘आबा, किती फेऱ्यांचं भाडं अंगात घातलंत?’ टी-शर्ट बंद. आता गांधीटोपी, ज्याची त्यानं आणायची.

दुसरी चूक मोठी. बॅनरवर आम्ही पोरांचे फोटो लावले होते. आईबापांना विचारून लावले होते, तरी घाटाच्या पायथ्याशी एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘आबा, माझ्या पोरीचा तेवढा झाका. उद्या लग्नाला आडवं येईल.’ पोर सहा वर्षांची. तिच्या छातीवरचा व्रण तिची आई अंघोळीलाही शेजारणीला दिसू देत नाही. मला आधी राग आला, मग वाटलं, राग यायला ती पोर माझी कुठं आहे. रस्त्यातच दुकानातून तपकिरी कागद आणला आणि सगळेच फोटो झाकले. एकाच पोरीचा झाकला असता तर लोकांनी नेमकं तिच्याकडंच बघितलं असतं.

आता एक गोष्ट, जी सांगायची म्हणून मी आज आलो.

१९९३-९४ ची असेल. माझ्या गाडीला एका थांब्यावर एक बाई आणि तिचा सात-आठ वर्षांचा पोरगा यायचे, आठवड्याच्या बाजाराला. गाडी दिसली की आई पळायची, पोरगा चार पावलं टाकायचा आणि मधेच रस्त्यात उकिडवा बसायचा. गुडघे छातीशी घेऊन. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. मला वाटायचं, लाडावलंय. मी दारातून ओरडायचो, ‘ए, नाटकं करू नको, गाडी सुटते.’ एकदा वेळेला उशीर झाला होता. आई पायरीपाशी, पोरगा मागं बसलेला. मी डबल बेल दिली.

२०१७ ला वॉर्डात तसंच उकिडवं बसलेलं एक पोरगं मी बघितलं आणि सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, याच्या हृदयात एकदम चार दोष आहेत, फुप्फुसाकडची वाट अरुंद आहे. असं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्ताला फुप्फुसाकडं वळावं लागतं. त्याला कुणी शिकवत नाही, त्याचं त्यालाच सापडतं. नंतर मुलानं वाचून सांगितलं की अशा निळ्या पडणाऱ्या लेकरांवरचं पहिलं ऑपरेशन १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला झालं होतं. सर्जन ब्लॅलॉक चाकू चालवत होते, आणि त्यांच्या मागं स्टुलावर उभा राहून टाका कुठं, कसा घालायचा ते सांगत होता व्हिव्हियन थॉमस. काळा माणूस, मूळचा सुतार, डॉक्टर नव्हे. म्हणजे माझ्या थांब्यावरचा पोरगा जन्मायच्या चाळीस वर्षं आधी याला इलाज होता. मी मात्र बेल दिली.

त्या पोराचं पुढं काय झालं मला माहीत नाही. ती बाई नंतर दिसली नाही. गाव माहीत होतं, जाऊन विचारण्याचं धाडस मात्र मला आजवर झालेलं नाही.

तर आमच्या चालीत एक नियम आहे, तो मी घातलाय. कुणीही खाली बसलं की सगळी रांग थांबते. का बसलास विचारायचं नाही, घाई करायची नाही, तो उठेपर्यंत कुणी पुढं जायचं नाही. घाटात कंटेनरवाले हॉर्न मारतात, मारू देत, आम्ही कडेला थांबतो. मागच्या वर्षी झेंडेवाडीपाशी पुण्याहून आलेले पन्नाशीचे एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला खाली बसले. नवीन होते, त्यांना नियम ठाऊक नव्हता. नाडी बांधून वर बघतात तर साठ माणसं गप्प उभी. बिचारे घाबरले. ‘काय झालं हो?’

आमची नात म्हणाली, ‘काही नाही काका. दुसरी पण बांधून घ्या.’