ताप 102, ऊन 43

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात सोलापुरात पाऱ्याची बातमी ऐकायला रेडिओ लागत नाही. "आज 43 हाय बघा," असं रिक्षावालाच सांगतो. हे 43 सेल्सिअसचे. पण त्याच रिक्षावाल्याच्या पोराला ताप आला की आकडा होतो 102. उन्हाला एक माप, अंगाला दुसरं!

परवा शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. नातवाचा ताप बघितला तर 38.9. "बिघडलंय का ओ हे? पोरगं तर तव्यासारखं तापलंय." बिघडलं काही नव्हतं. बटण जास्त वेळ दाबलं गेलं आणि थर्मामीटर फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर गेला. 38.9 म्हणजे आपले 102च.

दशमान वजनमापांचा कायदा 1956 सालचा. शेर गेले, आणे गेले. सोनं तेवढं आपण तोळ्यात विचारतो (तोही आता 10 ग्रॅमचा), आणि ताप फॅरनहाइटमध्ये.

फॅरनहाइटचे सेल्सिअस करायचे तर 32 वजा करा, 5ने गुणा, 9ने भागा. तापलेल्या पोराच्या उशाशी बसून हे कोण करणार? करूच नका. 37 म्हणजे नेहमीचं अंग, 38 म्हणजे ताप, 39 म्हणजे चांगलाच चढलाय, आणि 40 दिसले की दवाखाना. तान्ह्या बाळाला मात्र 38लाच न्या.

दोन्ही आकडे एका मापात आले की एक गोष्ट चटकन दिसते. अंग 37, बाहेरची हवा 43. म्हणजे पंखा आपल्यापेक्षा गरम वारा अंगावर ढकलतोय! गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. घाम आटला की तोच पंखा तापवतो. म्हणून दुपारी ओला टॉवेल अंगावर घ्या. टॉवेलची काय आपल्या गावात वाण आहे?

गंमत म्हणजे 1742 मध्ये स्वीडनच्या सेल्सिअसनं हे माप काढलं, तेव्हा ते उलटं होतं: उकळतं पाणी 0, बर्फ 100. ते पुढं सुलटं झालं म्हणून बरं. नाहीतर मे महिन्यातलं ऊन 57 आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेतली 15 अंशांची पहाट 85 झाली असती.

काकूंना म्हटलं, बटण दाबून परत 102 करून देऊ का? म्हणाल्या, "राहू द्या. ते चार आकडे तेवढे चिठ्ठीवर लिहून द्या." चिठ्ठी आता थर्मामीटरच्या डबीत आहे.